सिस्टरांचे हाल पाहिलेत, काम पाहिलंत का?

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के आहेत. नीटमध्ये कमी पडली, पुन्हा बसवतोय. पण तिनं बी.एस्सी. नर्सिंगचा हट्ट धरलाय. २०२१ ला मी कोरोनात ऑक्सिजनवर होतो, सिस्टरांचे हाल डोळ्यांनी बघितलेत. डॉक्टर सांगतील ते निमूट करायचं आणि परक्यांची उस्तवार! पै-पाहुण्यांत काय सांगू? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : पत्रात नीट आहे, पाहुणे आहेत. मुलगी आहे ती फक्त हट्ट म्हणून. मला तिच्या ७१ टक्क्यांपेक्षा याचीच काळजी वाटते. नर्सिंगच का, हे तुम्ही तिला विचारल्याचं कुठं दिसत नाही. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा ती शाळकरी पोर असणार. तुमची खबर तिला घरी कोण कळवत होतं? हेही विचारा.

‘निमूट करायचं’ हा समज मात्र साफ चुकीचा. डॉक्टर राऊंड घेऊन जातात, नंतरचे तास पेशंट सिस्टरच्या नजरेखाली असतो. एरवी आपल्याकडे भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं हे कॉटशेजारचा नातेवाईकच करतो. कोरोनात तो दाराबाहेर राहिला आणि ते सगळं सिस्टरांवर आलं, तेही पीपीई किटमध्ये, जिथं पाण्याचा घोट घ्यायचीही सोय नव्हती. अशा वेळी नुसत्या खाटा मोजून सिस्टर किती लागतील ते कळत नाही. हिंडता-फिरता पेशंट वेगळा आणि घासासाठी मास्क काढला की ज्याचा ऑक्सिजन घसरतो तो वेगळा. व्हेंटिलेटरवरच्या एकाला एक सिस्टर हवी. त्याला पालथं झोपवायचं तर चार-पाच जण लागतात, त्यातला एक घशातली नळी सांभाळायला. मग सोळा-सोळा तास डोळे, गाल, छाती दबत नाही ना, हे बघत राहायचं. आधी कुणाकडे धावायचं हे ती सिस्टरच ठरवते. २०२१ च्या जून-जुलैत, इतरत्र लाट ओसरली तरी आपल्या जिल्ह्यात ती रेंगाळली होती; तेव्हा वॉर्डात हे रोजचं होतं. तुम्ही पाहिलेत त्यातले बरेच हाल हाताखाली माणसं कमी असल्याचे होते.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. खासगीत सुरुवातीचा पगार बहुतेकदा तुटपुंजा, सरकारीत कंत्राटी जागा बऱ्याच, रात्रपाळी तर सुटतच नाही. हे तिला जरूर सांगा, पण पाहुण्यांचं नाव पुढे करून नको.

बाकी वाट सरळ आहे : पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि इंग्रजीसह बारावी, राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा, चार वर्षं. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का आणि मुलींना प्रात्यक्षिकासाठी कुठल्या हॉस्पिटलात पाठवतात, एवढं प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघा. इमारत चकाचक आणि वॉर्ड रिकामे, असली कॉलेजं टाळा.

नीट पुन्हा द्यायची की नाही, यावर मी तुम्हाला सल्ला देणार नाही. परीक्षा तिची आहे. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.