सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला भूशास्त्र शिकवताना सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: जिऑलॉजीत एम.एस्सी. झालंय, मराठवाड्यातल्या एका कॉलेजात सिव्हिलच्या मुलांना हा विषय पहिल्यांदाच शिकवायचा आहे. मुलं खडकांची नावं घोकतात, पेपर लिहितात आणि विसरतात. मग सुरुवात कशी करावी?

पृथ्वीच्या अंतरंगापासून करू नका. पहिल्या तासाला टेबलावर दोनच दगड ठेवा: एक काळा, घट्ट बेसाल्ट आणि एक पांढऱ्या ठिपक्यांचा, ज्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. हातोडीने ठोकून बघू द्या. काळा खणखण वाजतो, मांजऱ्याचा आवाज बद्द येतो. मग विचारा, धरणाच्या पायातून पाणी कशातून जास्त झिरपेल? बहुतेक सगळे मांजऱ्याकडे बोट दाखवतील, कारण तो मऊ आणि भोकाभोकांचा दिसतो. प्रत्यक्षात मात्र ती भोकं झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी बुजलेली असतात आणि या खडकात सांधे, म्हणजे नैसर्गिक भेगा, फार कमी असतात. घट्ट बेसाल्टचा तुकडा हातात कितीही मजबूत वाटला तरी जमिनीतला त्याचा थर उभ्या-आडव्या सांध्यांनी चिरलेला असतो आणि पाणी त्या सांध्यांतून पळतं. तुकड्याची ताकद वेगळी आणि खडकाच्या थराची वागणूक वेगळी, हे इंजिनिअरला सगळ्यात आधी कळलं पाहिजे. माझ्या मते विषयाचा कणा हाच आहे.

त्याच तासाला दोन फ्लोंच्या (लाव्हाच्या थरांच्या) मधल्या लाल थराचा, म्हणजे रेड बोलचा, वाळलेला ढेकूळ काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून ठेवा. बरेचदा तास संपेपर्यंत त्याच्या कडा सुटून तळाला गाळ बसतो. बोगद्याच्या छतात हा थर आला तर तो उघडा का ठेवायचा नाही, लगेच शॉटक्रीट (दाबाने फवारलेलं काँक्रीट) का मारायचं, हे वेगळं समजावावं लागत नाही. मांजऱ्याचे काही प्रकारही हवा-पाणी लागल्यावर असेच भुगा होतात. म्हणून प्रत्येक नमुना भिजवून बघायची सवय लावा.

खनिजांवर फार वेळ घालवू नका. नख (मोह्सच्या मापावर काठिण्य सुमारे २.५), चाकू (५.५) आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब एवढ्यावर कॅल्साइट आणि क्वार्ट्झ ओळखता आले की सुरुवातीला पुरे.

डिप (थराचा उतार) आणि स्ट्राइक (तिरप्या थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) फळ्यावर काढून डोक्यात शिरत नाहीत, आणि आपल्या भागातले लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असल्याने फील्डवरही नीट दिसत नाहीत. त्यासाठी घमेल्यात पाणी घ्या आणि प्लायचा तुकडा ३० अंशांत तिरपा बुडवा. पाण्याची रेघ प्लायवर जिथे उमटते तो स्ट्राइक. वरून थेंब सोडला की तो ज्या दिशेने ओघळतो ती डिपची दिशा. मग स्ट्राइकशी ३० अंश करणाऱ्या दिशेत उभा छेद काढायला सांगा. त्यात तोच उतार १६ अंशच दिसतो. हा आकडा खरा धरला तर डिपच्या दिशेने १०० मीटरवर जो थर ५८ मीटर खोल लागायचा, तो मुलं २९ मीटरवर दाखवतात. बोअरची खोली चुकते ती इथे.

सगळ्यात जास्त वेळ कोअर बॉक्सला, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या गोल कांड्यांच्या (कोअरच्या) पेटीला द्या. जवळपास चालू असलेल्या पुलाच्या किंवा धरणाच्या कामावरून टाकून द्यायचे कोअर मागून आणा. समजा दीड मीटरच्या रनमध्ये (एका दमात ड्रिल केलेल्या लांबीत) ३१, २४, १८, १२, ११, ९, ८, ७ आणि ५ सेंमीचे तुकडे आले. बेरीज १२५, म्हणजे रिकव्हरी ८३ टक्के. दहा सेंमी आणि त्यावरचेच तुकडे धरले तर ९६, म्हणजे आरक्यूडी (खडक किती अखंड आहे याचा टक्केवारीतला निर्देशांक) ६४. आता ९ आणि ८ चे तुकडे एकमेकांना लावून बघायला सांगा. तुटलेली बाजू ताजी, खरबरीत असेल आणि दोन्ही तुकडे चपखल बसत असतील, तर ती भेग ड्रिलिंगमध्ये पडलेली आहे. तो एकच १७ सेंमीचा तुकडा धरायचा. आरक्यूडी ७५ वर जातो आणि खडक ‘साधारण’मधून ‘चांगला’त येतो. खऱ्या सांध्यावर तपकिरी डाग, हिरवट थर किंवा कॅल्साइटचा पापुद्रा असतो. हा फरक प्रत्येकाने स्वतःच्या बोटांनी चाचपून करायला हवा, फोटोवरून जमत नाही.

इथेच सांगून टाका की उभ्या बोअरला उभे सांधे क्वचितच भेटतात. घट्ट बेसाल्टमध्ये आरक्यूडी ९० येऊनही पाणी गळू शकतं. म्हणून पॅकर टेस्ट घेतात, म्हणजे बोअरचा एक भाग बंद करून त्यात दाबाने पाणी सोडतात: १० बार दाबाला दर मीटरमागे मिनिटाला एक लिटर पाणी गेलं तर एक लुजॉन. शंका असेल तिथे तिरपं बोअर घ्यायचं.

धरणफुटीचं उदाहरण हवं असेल तर फ्रान्समधलं मालपासे घ्या. २ डिसेंबर १९५९ ला ते कमानी धरण फुटलं आणि ४०० हून जास्त माणसं गेली. काँक्रीट ठीक होतं, डाव्या काठाचा खडक कमकुवत प्रतलांवरून सरकला. दोन काठांच्या खडकाची आकृती काढून मुलांनाच सरकणारी पाचर शोधू द्या.

तोंडी परीक्षेत नाव विचारू नका. नमुना हातात द्या आणि विचारा: यात बोगदा काढायचा आहे, ठेकेदाराला काम सुरू करू देण्याआधी कोणत्या तीन गोष्टी तपासशील?