आईला अग्नी दिला, मग ती उठणार कशी?

प्रश्न: आम्ही वसईचे कॅथलिक, आता मुंबईत राहतो. आई जूनमध्ये वारली, तिचीच इच्छा होती म्हणून विद्युतदाहिनीत नेलं. तेव्हापासून मावशी म्हणते, देहच उरला नाही तर जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले पुन्हा जिवंत होतील तेव्हा ही उठणार कशी? अस्थी अजून घरी कपाटात आहेत. मला रात्र रात्र झोप नाही.

उत्तर: ताई, मावशींची भीती खूप जुनी आहे. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लिऑनला ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं आणि नंतर मुद्दाम त्यांचे देह जाळून राख रोन नदीत ढकलली, का तर आता बघू हे कसे उठतात ते! म्हणजे ही राखेची भीती मारणाऱ्यांच्या डोक्यातली होती हो, आपल्या श्रद्धेतली नाही. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेचं काय अवघड?

करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांनीही हेच विचारलं होतं, मेलेले कुठल्या शरीराने येतात म्हणून, तर प्रेषित पौलाने पत्रातून त्यांना बियाण्याचं उदाहरण दिलं. तुमच्या वाडीत वाल लावत असाल तर चार दिवसांनी एक दाणा उकरून बघा, साल सुटलेली असते, दाणा फुगून फुटलेला, आपण पेरला तो दाणा आता सापडतच नाही, पण कोंब त्याचाच असतो, दुसऱ्या कुणाचा नाही. तसंच आई उठेल ती आईच असेल. येशू उठला तेव्हा त्याच्या हातावर खिळ्यांचे व्रण होतेच की, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले, आणि शिष्यांसमोर भाजलेला मासासुद्धा खाल्ला. नुसता आत्मा उडून जाणं हे आपलं शिक्षण नाहीच, आपण मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, देहाचं पुनरुत्थान म्हणतो.

आणि सार्वकालिक जीवन म्हणजे नुसती न संपणारी वर्षं नव्हेत. देवाला ओळखणं हेच ते जीवन, असं येशू बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात म्हणतो, म्हणजे आईचं ते इथेच, रोजच्या रोझरीच्या प्रार्थनेत सुरू झालेलं होतं.

दहनाला चर्चने 1963 मध्येच परवानगी दिली, फक्त ख्रिस्ती श्रद्धा नाकारायची म्हणून ते केलेलं नसावं. पण चर्चच्याच 2016 च्या सूचनेत अस्थी घरी ठेवू नका, विखरू नका, पवित्र जागी ठेवा असं स्पष्ट आहे. तेव्हा कपाटातून काढा, गावच्या फादरना भेटून आजी-आजोबांच्या कबरीत ठेवता येतील का विचारा, आणि त्या दिवशी मावशींना सोबत न्या, पहिली मूठ माती त्यांनाच टाकू द्या.