उजनीचं पाणी, उसाचा पट्टा आणि इंजिनिअरिंगची शाखा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, सीईटी देणार आहे. मोहोळ तालुक्यात आमची उसाची शेती आहे. तिला इंजिनिअर होऊन नदी, भूजल, प्रदूषण यांवर काम करायचंय. घरचे म्हणतात, कॉम्प्युटर घे. पदवीलाच पर्यावरणाची शाखा घ्यावी का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. पदवीला सिव्हिल (स्थापत्य) घ्या, पर्यावरण किंवा जलविज्ञान एम.टेक.ला. जलसंपदा विभागाच्या अभियंता भरतीत मुख्यतः स्थापत्याची पात्रता मागतात, आणि हायड्रॉलिक्स, सर्व्हेइंग, जलविज्ञान हा पाया तिथेच पक्का होतो. दुसरा चांगला पर्याय म्हणजे राहुरीच्या कृषी विद्यापीठातलं कृषी अभियांत्रिकी. त्यात मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विषय आहे. कॉम्प्युटर सोडायचा नाहीच. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पहिल्या वर्षापासून शिकू द्या.

हे काम नेमकं काय, ते भीमेवरच्या उजनी धरणावरून कळेल. धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट); त्यात मृतसाठाच, म्हणजे नेहमीच्या वापराबाहेरचं तळाचं पाणी, 63 टीएमसीच्या वर. उन्हाळ्यात साठा त्याखाली गेला की 'उजनी उणे'च्या बातम्या येतात. पाऊस पडतो सह्याद्रीत, धरण भरतं तिथल्या पाण्यावर, आणि ऊस उभा असतो पर्जन्यछायेत. वरून पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी नत्र-स्फुरद घेऊन येतं, त्यावर जलपर्णी पोसते. येवा (धरणात येणारं पाणी), बाष्पीभवन, कालवा, पाझर, उपसा यांचा एकच ताळेबंद मांडणं आणि त्यातला प्रत्येक आकडा खात्रीचा असणं, हे इंजिनिअरचं काम.

चुका होतात त्या मोजणीतच. नदीचा विसर्ग काढताना उथळ पाण्यात वेगमापक पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या 0.6 पटीवर धरतात, खोल पाण्यात 0.2 आणि 0.8 वर. पण पुरानंतर पात्रात गाळ बसला आणि काटछेद (पात्राचा आडवा छेद) नव्याने मोजला नाही, तर पातळीवरून काढलेला विसर्ग चुकतो. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला, तर ऑक्सिजन जास्त निघून घाण पाणीही चांगलं दिसू शकतं; नमुना जागेवरच रसायन घालून स्थिर केला नाही, तरीही आकडा चुकतो. ही शिस्त ज्याला जमते, त्याच्या अहवालावर पुढचे निर्णय उभे राहतात.

मुलीला हे खरंच आवडतं का, ते आधी घरीच पाहा. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा. जून ते डिसेंबर, दर आठ दिवसांनी, पहाटे मोटर सुरू होण्याआधी टेपने पातळी मोजू द्या. उपसा झाल्यावर मोजली तर आकडा निरुपयोगी. पर्जन्यमापक झाड-भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवा. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. आलेखावर पाऊस आणि पातळी शेजारी मांडा. शेजारच्या विहिरीचा आलेख वेगळा निघाला तर दचकू नका: आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं. 'असं का?' हा प्रश्न तिने स्वतः विचारला, तर शाखा योग्य आहे.

पुढे गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा. 2021 पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे, सिव्हिलचाही चालतो. आयआयटी मुंबईत पर्यावरणाचा विभाग आहे आणि ग्रामीण तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्रही. नोकऱ्या सल्लागार कंपन्या, प्रदूषण नियंत्रण मंडळ, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, खडकवासल्याची जलसंशोधन संस्था अशा ठिकाणी. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा बहुधा कमी, हे घरच्यांना आत्ताच सांगा.

कॅप राउंडचे (केंद्रीय प्रवेश फेरीचे) पर्याय भरण्याआधी कॉलेजची हायड्रॉलिक्स आणि पर्यावरण लॅब बघून या. वेगमापक शेवटचा कधी नदीवर नेला, ते तिथल्या सरांना विचारा.