जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी मदरबोर्डाचा स्लॉट पाहा

तुम्ही कुडाळहून लिहिले आहे की घरच्या संगणकात आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि २ जीबीचे जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारे) आहे. जीटीए ५ मध्ये गाडी शहरात शिरली की खेळ अडखळतो. दुकानदार आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड घ्या म्हणतो, आणि मित्र म्हणतो की प्रोसेसरच जुना आहे, कार्डावर पैसे घालू नका. हे वाचताना मला २०२२चा पावसाळा आठवला, कारण माझ्याकडे प्रोसेसर हाच होता, बोर्ड एच८१ चाच होता आणि मला सुचवलेले कार्डही हेच होते. मी ते विकत घेतले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी व्यवसायाने संगणक दुरुस्त करणारा नाही. गुहागर तालुक्यात राहतो आणि स्वतःचे व वाडीतल्या मुलांचे संगणक उघडून जोडून जे शिकलो तेवढेच सांगतो. तुमच्या बोर्डाचे नेमके मॉडेल मला माहीत नाही, तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावरील माहिती माझ्या शब्दापेक्षा वरची माना. कार्ड कसे बसवायचे, जुना ड्रायव्हर कसा काढायचा हे तुम्हाला येत असेलच.

माझी चूक अशी की मी महिनाभर प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचीच जोडी जुळवत बसलो आणि दोघांना जोडणाऱ्या वाटेकडे पाहिलेच नाही. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्लॉटात बसते पूर्ण लांबीने, पण डेटाची ने-आण ते फक्त ४ लेनमधून (डेटाच्या मार्गिकांमधून) करते. पीसीआय एक्स्प्रेस (कार्डाच्या स्लॉटाची पद्धत) ४.० असलेल्या नव्या बोर्डावर त्या ४ लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा जातो, त्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही. एच८१ बोर्डाचा स्लॉट मात्र २.० पिढीचा असतो. त्याची एक लेन सेकंदाला साधारण ५०० एमबी वाहते, म्हणजे चार लेन मिळून २ जीबी. एकचतुर्थांश! महामार्गावरची सगळी वाहतूक ओढ्यावरच्या साकवावरून सोडावी तसे ते होते. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच आहे. ती टेक्श्चरनी (दृश्यातल्या पृष्ठभागांच्या चित्रांनी) भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि गरज पडेल तेव्हा त्याच साकवावरून परत आणावा लागतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) उत्तम दिसत, आणि शहराच्या चौकात वळलो की चित्र अर्धा सेकंद थिजून पुन्हा चालू होई. सरासरी फ्रेमचा आकडा पाहिला तर सगळे ठीक वाटायचे.

हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि सगळ्यांत जास्त नुकसान त्यातूनच झाले. गणपतीला गावी आलेल्या चुलतभावाने कार्ड मुंबईहून आणले होते. दुकानाने सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला. चिपळूणहून कुरिअरने पाठवलेले कार्ड पाच आठवड्यांनी परत आले, सोबत एक ओळ: दोष आढळला नाही. दुसऱ्या वेळी मी स्वतः रेल्वेने गेलो. काउंटरवरच्या मुलाने ते आपल्या नव्या संगणकात लावले, सुरळीत चालवून दाखवले आणि पिशवी माझ्या हातात दिली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, कार्ड निर्दोषच होते. पण दोन्ही खेपांना भरून घेतलेल्या अर्जात मदरबोर्ड कोणता हा रकाना नव्हता आणि तोंडानेही कोणी विचारले नाही. त्या एका प्रश्नाने माझे दोन महिने, येण्याजाण्याचा खर्च आणि मध्येच शंकेपोटी घेतलेला नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), एवढे सगळे वाचले असते. ग्राहक लांबून आला आहे, तर निदान त्याची यंत्रणा काय आहे एवढे विचारावे, अशी अपेक्षा मला आजही गैर वाटत नाही.

शेवटी उत्तर जीपीयू-झेड नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमने दिले. त्यात ‘बस इंटरफेस’ अशी एक चौकट असते. आधी कार्डाची क्षमता लिहिलेली असते आणि पुढे प्रत्यक्षात मिळालेला वेग. माझ्याकडे तिथे ‘एक्स४ २.०’, म्हणजे २.० पिढीच्या ४ लेन, असे होते. संगणक स्वस्थ असताना तोच आकडा १.१ दिसतो, त्याला घाबरू नका. शेजारचे प्रश्नचिन्हाचे बटण दाबून कार्डाला थोडे काम द्या, म्हणजे खरा आकडा दिसेल. हा प्रोग्रॅम आजच उतरवून घ्या.

आता तुमच्याविषयी. काहीही विकत घेण्याआधी अडचण कुठे आहे ते मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम लावून कार्डाचा वापर, कार्डाची भरलेली मेमरी आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (आतल्या गणना करणाऱ्या भागाचा) वापर पडद्यावर दिसेल असे करा. प्रोसेसरचा एकत्रित आकडा फसवतो, कारण एक कोअर पूर्ण भरलेला असतानाही तो ६० टक्के दाखवू शकतो. मोजताना व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कार्ड मुद्दाम थांबून राहते आणि वाचन चुकते. शहरातल्या त्याच चौकात कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मर्यादा कार्डाची. कार्ड ६० वर रेंगाळत असेल आणि कोअर भरलेले असतील तर प्रोसेसरची. मग रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणा. फ्रेम जवळजवळ तेवढ्याच राहिल्या, तर कितीही महागडे कार्ड घातले तरी त्या वाढणार नाहीत, हे पक्के समजा. मित्राचे म्हणणे बरोबर आहे की नाही ते एवढ्यावर ठरेल.

माझे मत विचाराल तर पहिला खर्च रॅमचा. एका स्टिकवर डीडीआर३-१६०० सेकंदाला १२.८ जीबी देते, जोडीने लावली तर २५.६. चार कोअरच्या प्रोसेसरला याचा खेळात फरक पडतो आणि जुनी स्टिक स्वस्तात मिळते. त्यानंतर, मोजणीत प्रोसेसर अडलेला दिसला तरच, जुना आय७-४७९० पाहा. सॉकेट तोच, वीजमर्यादा तुमच्या प्रोसेसरइतकीच ८४ वॅट, पण थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) ४ ऐवजी ८. तरी बोर्डाच्या यादीत त्याचे नाव आहे ना, ते पाहून घ्या. नावाच्या शेवटी ‘के’ असलेला (वेग वाढवता येणारा) मी तरी स्वस्त एच८१ बोर्डावर लावणार नाही. कार्ड पूर्ण १६ लेनचे घ्या: जीटीएक्स १६५० किंवा जुने १०६० चे ६ जीबीवाले. १६ लेन असल्या की २.० स्लॉटातही सेकंदाला ८ जीबी मिळतात. आरएक्स ६६०० चांगले आहे, पण त्याला पुरेसे काम देणे तुमच्या प्रोसेसरला जमणार नाही. इंटेलचे आर्क कार्ड टाळाच. त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि या पिढीच्या बोर्डांवर तो सहसा नसतो.

खर्चाला हात आखडता ठेवा असेही सुचवतो. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. उद्या नवा संगणक घेतलात तर कार्ड सोबत नेता येईल, डीडीआर३ रॅम आणि आय७ मात्र जुन्या बोर्डासोबतच राहतील.

एक गोष्ट आपल्या किनाऱ्याची. जुने कार्ड घेताना त्याची सोनेरी पट्टी उजेडात धरून पाहा. खाऱ्या हवेत ती काळपट-हिरवट पडते आणि मग कार्ड कमी लेनवर चालते किंवा दिसतच नाही. माझे ७५० टीआय असेच दोन पावसाळ्यांनंतर दिसेनासे झाले होते. साध्या पांढऱ्या खोडरबरने पट्टी हलक्या हाताने घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, सुकू दिली, आणि ते पुन्हा चालले. स्लॉटात मात्र काही खुपसू नका.

रॅम जोडलीत की त्याच चौकातले आकडे, ७२० वरचे आणि १०८० वरचे, दोन्ही इथे लिहा. जीपीयू-झेडच्या चौकटीत काय दिसते तेही कळवा. तोवर त्या दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.