फिनलंडच्या एखाद्या आईस हॉकी खेळाडूचं पूर्ण करिअर कसं असतं? कोणाचं बघावं आणि सुरुवात कुठून करावी?

प्रश्न वाचला आणि डोक्यात एकच नाव आलं, साकू कोइवू. बाकीचे तुम्हाला तेमू सेलॅने सांगतील, यारी कुरी सांगतील, आणि नुसते आकडे बघायचे तर त्यांचं बरोबरच आहे, सेलॅनेचे एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या लीगमध्ये, ६८४ गोल आहेत आणि साकूचे २५५. पण तुम्ही पूर्ण करिअर विचारलंय, म्हणजे लहानपणच्या क्लबपासून शेवटच्या मॅचपर्यंत, आणि तसं बघायला गेलं तर साकूच्या करिअरमध्ये जे आहे ते मला दुसऱ्या कोणात दिसलेलं नाही.

मी मूळचा नाशिकचा, जानेवारी २००३ मध्ये मॉन्ट्रियलला आलो. तोपर्यंत हॉकी म्हणजे आपली टर्फवरची, खडकीच्या धनराज पिल्लेची. इथे घराखाली एक देपानर होतं, म्हणजे कोपऱ्यावरचं दूध-ब्रेड-बियरचं दुकान, त्याचे म्हातारे मालक काउंटरच्या मागे छोटा टीव्ही लावून मॅच बघायचे आणि त्यांच्या मागे भिंतीवर ११ नंबरची लाल जर्सी टांगलेली होती. दूध घ्यायला जायचो आणि पिरियड (मॅचच्या वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांपैकी एक) संपेपर्यंत तिथेच उभा राहायचो. साकूबद्दल मला पहिलं जे कळलं ते त्यांच्याकडून, मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये, बाकीचं नंतर वाचून, बघून, आणि पंधरा-वीस वर्षं या गावात राहून.

जन्म २३ नोव्हेंबर १९७४, गाव तुर्कू, फिनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं जुनं बंदर. कोइवू म्हणजे फिनिश भाषेत बर्चचं झाड, आपण भूर्जपत्र म्हणतो ना, ते भूर्जही त्याच जातकुळीतलं. गावचा क्लब टीपीएस, साकू तिथेच वाढला आणि तिथूनच मोठ्या टीममध्ये आला. फिनलंडच्या लीगमध्ये एक मस्त पद्धत आहे, प्रत्येक टीममध्ये ज्याचे सगळ्यात जास्त पॉइंट्स असतील तो सोनेरी हेल्मेट घालून खेळतो, म्हणजे समोरच्या टीमला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं की कोणाला धरायचंय. १९९४-९५ च्या सीझनमध्ये साकूने ४५ मॅचमध्ये ७४ पॉइंट्स केले आणि टीपीएस चॅम्पियन झाली. (हॉकीत गोलचा एक पॉइंट आणि गोलसाठी दिलेल्या पासचाही एक, त्याला असिस्ट म्हणतात. हे लक्षात ठेवा कारण साकू मुळात पास देणारा माणूस.)

एनएचएलमध्ये जायचा रस्ता ड्राफ्टमधून जातो. अठराच्या आसपासच्या पोरांना टीम्स आपापल्या नंबराने निवडतात, निवडलं म्हणजे लगेच नेलं असं नाही, बरेच फिनिश खेळाडू ड्राफ्टनंतर वर्ष-दोन वर्षं घरच्याच क्लबकडून खेळतात, अंगात ताकद भरते आणि मग अमेरिका-कॅनडाला जातात. साकूला मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने जून १९९३ मध्ये २१ व्या नंबरवर घेतलं, त्याच महिन्यात कॅनेडियन्सनी त्यांचा २४ वा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलच्या चॅम्पियनचा कप, जिंकला होता. त्यानंतर आजतागायत तो कप इथे आलेला नाही. म्हणजे गाव नुकतं जल्लोष करून घरी गेलेलं आणि हा पोरगा यायचा होता, आणि पुढची सगळी वर्षं लोक त्याच्याकडे तो कप मागत राहिले.

येण्याआधी त्याने एक काम करून ठेवलं. १९९५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप स्टॉकहोममध्ये होती, फायनल फिनलंड विरुद्ध स्वीडन, ती पण स्वीडनच्या घरात. फिनलंडने तोपर्यंत एकदाही सुवर्ण जिंकलेलं नव्हतं आणि स्वीडनकडून हरायची तर त्यांना सवयच पडलेली. साकू सेंटर, म्हणजे मधला, दोन बाजूंना येरे लेहतिनेन आणि विले पेल्टोनेन, या तिघांना लोक डोनल्ड डकच्या तीन पुतण्यांच्या फिनिश नावांनी हाक मारायचे, तुपू, हुपू, लुपू. फिनलंड ४-१ ने जिंकलं, पेल्टोनेनने तीन गोल मारले. कोच कोण, तर कुर्त लिंडस्ट्रॉम, स्वतः स्वीडिश! हेलसिंकीत त्या रात्री लोक कारंज्यात उतरले होते. १९८३ चा लॉर्ड्स आपल्याकडे जसा आहे ना, तसं त्या पन्नास लाखांच्या देशात १९९५ आहे.

मॉन्ट्रियलला आला तेव्हा उंची पाच फूट दहा, आणि समोर सहा फुटांच्या वरचे, शंभर किलोचे डिफेन्समन. सेंटरचं पहिलं काम फेस-ऑफ, म्हणजे खेळ सुरू होताना पक आपल्याकडे ओढणं. दोघं जण एकमेकांच्या समोर वाकून उभे राहतात, स्टिक बर्फावर टेकलेली, मध्ये रेफरी पक, म्हणजे रबराची चकती, हातात धरून. नवखा माणूस पककडे बघतो, अनुभवी माणूस रेफरीच्या मनगटाकडे, कारण पक सुटायच्या आधी मनगट हलतं. मी टीव्हीवर साकूला कितीतरी वेळा बघितलंय, खालचा हात स्टिकवर जवळजवळ बर्फापर्यंत सरकवलेला, कंबर एकदम खाली, समोरच्याच्या छातीच्या खाली डोकं. ठेंगणं असण्याचा जेवढा फायदा घेता येईल तेवढा तो तिथे घ्यायचा.

दुसऱ्याच सीझनला, १९९६-९७ ला, पहिल्या ३० मॅचमध्ये ३८ पॉइंट्स, पूर्ण लीगच्या सगळ्यात वरच्या नावांमध्ये. आणि डिसेंबरमध्ये गुडघा गेला. तिथून पुढची काही वर्षं नुसती दुखापतींची आहेत, गुडघा, खांदा, परत गुडघा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिण्यासारखं काही नाही, हॉस्पिटल आणि व्यायाम. पण याच काळात, १९९९ मध्ये, त्याला कॅप्टन केलं, कॅनेडियन्सचा पहिला युरोपियन कॅप्टन.

आता २००१. सप्टेंबरमध्ये फिनलंडहून सीझनसाठी मॉन्ट्रियलला यायला निघाला, पोटात दुखत होतं, उलट्या होत होत्या. तपासणीत निघालं बर्किट्स लिम्फोमा, पोटातला कॅन्सर, फार वेगाने वाढणारा. वय २६. हॉकी सोडा, जगेल का हाच प्रश्न. केमो चालू झाली, केस गेले, टीम त्याच्याशिवाय खेळत राहिली. कॅनेडियन्स आधीची सलग तीन वर्षं प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, पोचलेच नव्हते आणि या वर्षी गोलकीपर जोसे थिओडोरच्या जिवावर कसेबसे शर्यतीत होते.

९ एप्रिल २००२. सीझनच्या शेवटच्या दिवसांतली मॅच, समोर ओटावा सेनेटर्स. कोणाला वाटलं होतं पुढच्या वर्षी येईल, कोणाला वाटलं होतं येणारच नाही, आणि तो त्या दिवशी ११ नंबर घालून बर्फावर आला. वीस-एकवीस हजार माणसं उठली आणि जवळजवळ आठ मिनिटं टाळ्या वाजवत राहिली. आठ मिनिटं म्हणजे किती हे घड्याळ लावून बघा एकदा. ओटावाचे खेळाडूसुद्धा स्टिका आपटत होते, ज्या टीमला हरवायचंय तिच्या कॅप्टनसाठी. मी तेव्हा इथे नव्हतो, देपानरवाले काका होते, ते मला सांगताना प्रत्येक वेळी हाताचा पंजा काउंटरवर ठेवायचे आणि थोडा वेळ काही बोलायचे नाहीत. त्या रात्री कॅनेडियन्स जिंकले आणि प्लेऑफमध्ये पोचले. आणि नुसतं हात हलवायला आला नव्हता तो, प्लेऑफमध्ये १२ मॅचमध्ये १० पॉइंट्स केले, पहिल्या फेरीत बोस्टन ब्रुइन्सला घरी पाठवलं. पुढच्या सीझनला सगळ्या ८२ मॅच खेळला, ७१ पॉइंट्स. मी काउंटरवर उभा राहून बघितलेला सीझन तो हाच.

माझ्यासाठी याच्या पुढची गोष्ट जास्त जवळची आहे. आजारपणात त्याला पेट स्कॅन, म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन, हवा होता आणि त्यासाठी मॉन्ट्रियल सोडून शेरब्रुकला जावं लागलं, दीड-दोन तास. बरा झाल्यावर त्याने फाउंडेशन काढलं आणि मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलसाठी पेट स्कॅनचं मशीन यावं म्हणून पैसे उभे केले. २०१२ मध्ये माझ्या बायकोचा स्कॅन तिथे झाला. मी बाहेर खुर्चीत तिचा कोट मांडीवर घेऊन बसलेलो, शेजारचे एक गृहस्थ, त्यांचीही बायको आत, मला म्हणाले, हे साकूचं मशीन आहे बरं का. मी म्हटलं माहितीये. एवढंच बोललो आम्ही. ती आता ठीक आहे.

तुम्हाला वाटेल कॅन्सर झाला, परत आला, झालं. नाही. एप्रिल २००६, प्लेऑफ, कॅरोलायना हरिकेन्सच्या विरुद्ध कॅनेडियन्स दोन मॅच जिंकून पुढे, आणि तिसऱ्या मॅचमध्ये समोरच्याची स्टिक वर उडून साकूच्या डाव्या डोळ्यात. डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याच्या कडेची नजर पूर्ण परत आलीच नाही. ती मॅच धरून टीम सलग चार मॅच हरली. आता विचार करा, सेंटरचं सगळं काम कडेच्या नजरेवर चालतं, डावीकडून आपला विंगर, म्हणजे बाजूचा खेळाडू, येतोय की कोणी धडक द्यायला येतोय हे मान न वळवता दिसावं लागतं. आणि याच माणसाने लगेच पुढच्या सीझनला, २००६-०७ ला, ७५ पॉइंट्स केले, त्याच्या पूर्ण एनएचएल करिअरमधला सगळ्यात जास्तीचा आकडा. त्यातले ५३ असिस्ट. मला कोणी विचारलं की साकूची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती, तर मी २००२ नाही, हा सीझन सांगेन, कारण त्या आठ मिनिटांत अख्खं गाव त्याच्यासोबत होतं आणि डोळ्याचं मात्र त्याचं त्याने एकट्याने शोधून काढलं.

गाव सोबत होतं म्हटलं खरं, पण त्याच २००७ मध्ये इथे वाद झाला की कॅप्टन फ्रेंच का बोलत नाही. क्वेबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या या फ्रेंच प्रांतात, भाषेचा मुद्दा किती खोल आहे हे आपल्याला, मराठी माणसांना, समजावून सांगायची गरज नाही, मला दोन्ही बाजू कळतात, फ्रेंच जपणाऱ्यांचीही कळते. तरी तेव्हा मला वाईट वाटलं होतं. २००९ मध्ये करार संपला आणि तो कॅलिफोर्नियाला अ‍ॅनाहाइम डक्सकडे गेला, सेलॅनेसोबत खेळायला. दहा वर्षं कॅप्टन, इथे एवढा काळ कॅप्टन राहिलेला दुसरा फक्त जॉं बेलिव्हो. अ‍ॅनाहाइमला पाच सीझन शांतपणे खेळला आणि २०१४ मध्ये थांबला, एकूण ११२४ मॅच, २५५ गोल, ५७७ असिस्ट. स्टॅन्ली कप नाही.

ऑलिंपिकची मात्र चार पदकं आहेत, १९९४, १९९८ आणि २०१० ला ब्राँझ, २००६ ला तुरिनमध्ये कॅप्टन म्हणून रौप्य. २००२ चं सॉल्ट लेक सिटी आजारपणात गेलं. तुरिनला आणि नंतर व्हँकुव्हरला धाकटा भाऊ मिक्को पण टीममध्ये होता, तो मिनेसोटा वाइल्डचा कॅप्टन झाला, म्हणजे तुर्कूच्या एकाच घरातून एनएचएलचे दोन कॅप्टन.

सुरुवात कुठून करायची विचारलंत. गोलचे हायलाइट्स आधी बघू नका, त्यात साकू फारसा दिसणार नाही, तो पास देऊन फ्रेमच्या बाहेर गेलेला असतो. आधी २००६ ची ऑलिंपिक फायनल घ्या, तिसरा पिरियड सुरू होतो तिथून. स्कोअर २-२, फेस-ऑफला साकूची स्टिक मोडते, तो नवीन घ्यायला बेंचकडे वळतो, आणि दहाव्या सेकंदाला स्वीडनचा लिडस्ट्रॉम गोल करतो. ३-२, तोच शेवटचा गोल. फिनलंडमध्ये ती स्टिक अजून कोणी विसरलेलं नाही. तो गोल झाल्यावरची उरलेली १९ मिनिटं ५० सेकंद बघा, साकू प्रत्येक वेळी बर्फावर आला की काय करतो ते, आणि मग ९ एप्रिल २००२ चा व्हिडिओ लावा, आवाज मोठा करून, मध्ये पुढे न सरकवता.