गोधड्या शिवणाऱ्या घरात मांजर नांदेल का?

तुम्ही विचारलंय की दारात आलेलं दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू घरात घ्यावं का, ते दूधभातावर राहील का, आणि दिवसभराचा स्वयंपाक आणि गोधड्या शिवायचं काम त्याच्यासकट कसं जमायचं. शिवाय सासूबाईंना केसांची किळस आहे. मी रत्नागिरीत राहते. घरात सात वर्षं ठमी नावाची मांजर आहे, आणि गोधड्या तर मी लग्नाआधीपासून शिवते. म्हणून सांगते, घ्या त्या पिल्लाला. मात्र त्याला आत आणायच्या आधी सुईदोऱ्याचा डबा बदला. केस, दूध, ओटा हे सगळं मागाहून जमतं. दोऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही.

ठमी वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. भाचीच्या बाळंतविड्यासाठी दुपटी शिवत बसले होते. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले, गॅस बारीक करून परत आले, फार तर दोन मिनिटं गेली असतील. रिळाचं टोक जमिनीवर लोंबत होतं. परत येऊन बसले तेव्हा मला काहीच वेगळं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती ओकत होती. पाण्यालाही तोंड लावेना, पाठ वर काढून कोपऱ्यात नुसती बसून राहिली. तोंड उघडून पाहिलं तर जिभेखाली पांढरा दोरा अडकलेला. मी तो ओढायला चिमटीत धरलाही होता. तेवढ्यात प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लागला आणि ते ओरडलेच, "ओढू नका! तशीच घेऊन या."

का ओढायचा नाही ते त्यांनी नंतर समजावलं. परकराच्या नेफ्यात नाडी असते, ती एका टोकाने धरून ओढली की कापडाच्या चुण्या पडतात. दोरा एका टोकाला जिभेखाली किंवा पोटात अडकला आणि उरलेला पुढे सरकला की आतड्याच्या अशाच चुण्या होतात, आणि ताणलेला दोरा आतडं आतून कापतो. आपण ओढलं तर ते कापणं आपल्याच हाताने होतं. मागून दोरा बाहेर आलेला दिसला तरी तोच नियम. ठमीचं पोट उघडावं लागलं, आतडं दोन ठिकाणी. ती वाचली, पण पुढचे दहा दिवस मी सुई हातात धरू शकले नाही.

मांजराला दोरा थुंकता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि सगळे घशाकडे वळलेले असतात. अंग चाटायला, हाडावरचं मांस खरवडायला ते उपयोगी, पण एकदा त्यावर दोरा चढला की तो आतच सरकत जातो. आणि सळसळत हलणारी वस्तू पकडणं तर त्याच्या रक्तातच आहे.

तेव्हापासून माझं सुईदोऱ्याचं सगळं सामान कडीच्या स्टीलच्या डब्यात असतं. सुया मोजून काढायच्या आणि मोजून ठेवायच्या, ही शिस्त आईने लावली होती, ती मी मध्ये सोडली होती. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून घेतलंय, उठायच्या आधी ते सतरंजीवरून फिरवते. दोऱ्यांचे तुकडे झाकणाच्या बरणीत टाकते. उठायचं असेल, अगदी दारावर कोणी आलं असलं तरी, आधी रीळ डब्यात. आणि नुसता शिवणाचा दोराच नाही. गजऱ्याचा दोरा, लोकर, राख्या, मिठाईच्या खोक्याची सुतळी, केसांचे रबर, दिवाळीतल्या चमकी पताका, सगळं एकाच जातीचं. गजऱ्याचा दोरा तर आपण सुकलेल्या फुलांसकट सहज टेबलावर टाकतो.

आता गोधडीचं. तुम्ही थर अंथरले रे अंथरले की पिल्लू मधोमध येऊन बसणार, हे धरूनच चाला. जुनी सुती लुगडी म्हणजे मऊ, उबदार आणि तुमच्या वासाची जागा, मांजराला याहून काय हवं! त्यावर ते पुढच्या पायांनी कणीक मळल्यासारखं मळतं. पिल्लू आईला पिताना दूध उतरावं म्हणून असंच मळत असतं, ती सवय मोठेपणीही राहते. मी सुरुवातीला ठमीला उचलून बाजूला ठेवायचे, ती परत यायची, मी परत उचलायची. यात दुपार जायची. मग एक केलं. उरलेल्या तुकड्यांची छोटी चौघडी शिवली, दोन वीत लांब-रुंद, आणि काम सुरू करताना ती गोधडीच्या कडेला, माझ्या डाव्या गुडघ्याशी अंथरायला लागले. चौघडी आधी, गोधडी नंतर. आठवडाभरात ती आपण होऊन तिच्यावर येऊन बसू लागली. गोधडी आपण कडेकडून आत शिवत जातो ना, तशी चौघडीही माझ्याबरोबर आत सरकते. कच्चा धागा घालून ठेवलेली गोधडी मात्र रात्री उघडी टाकू नका. तिचे लांब टाके नखात अडकतात, आणि अडकलं की मांजरं ते चावून तोडायला जातात.

जुन्या साड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर त्या आजच काढा. मांजराला त्या विषारी असतात, नुसत्या चाटल्या तरी. मी सुकवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून घालते. पुरचुंडीची गाठ आतल्या बाजूला.

दूधभाताबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे आपल्या मायेनेच चूक होते. आजोळी मांजरं दूधभातावर वाढायची हे मीही पाहिलंय. आजी ताटलीत दूधभात कालवून पडवीत ठेवायची आणि मनी तो खायची. पण मनी रात्रभर कुठे असायची? गोठ्यात, भाताच्या कणगीपाशी, माळ्यावर. उंदीर, पाली, चिचुंद्र्या, नाकतोडे, काय काय ती मारून खायची. ती खरी उंदरांवर वाढली, दूधभात तिचं वरखाऊ होतं. तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात उंदीर नाहीत. तिथे नुसता दूधभात घातलात तर पिल्लू हळूहळू खंगेल. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, ते मांस-माशांत असतं आणि धान्यात नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू अशक्त होतात. शिवाय दूध पचवायची ताकद पिल्लू मोठं होईल तशी बहुतेक मांजरांत कमी होते. ठमीला दूध आवडतं, पण पोट बिघडतं म्हणून मी बंद केलं.

मग घालायचं काय? पिल्लू वाढतं आहे तोवर पिल्लांसाठीचं तयार खाणं मुख्य ठेवा, घरचं वरून द्या. मीही ठमीला मोजून दोनदा तयार खाणंच घालते, आणि आमच्याकडे मासे शिजतात तेव्हा तिचा वाटा फोडणीच्या आधी बाजूला काढते. मिरकरवाड्याहून मासेवाली येते, तिची हाक गल्लीच्या तोंडाशी असतानाच ठमी पायरीवर हजर असते. बांगडा किंवा तारली साफ करायची, दोन बोटं पाणी घालून उकडायची, काटे निगुतीने काढायचे, हाताने कुस्करायचं आणि ते उकडलेलं पाणीही वरून घालायचं. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून देऊ नका. मीठ नको, तिखट नको, कोकम नको. कच्चा मासाही नको, कारण काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर जातं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कोंबडीचा तुकडा असाच उकडते. खारवलेला मासा तिला कधीच देत नाही.

आणि कांदा-लसूण अजिबात नाही. मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. कच्चा, शिजवलेला, मसाल्यातला, सगळा सारखाच वाईट. कालवणातला मासा धुऊन दिला तरी त्यात तो मुरलेला असतो. आमच्याकडे पाहुणे प्रेमाने ताटातलं टाकायला जातात, तेव्हा मी स्पष्ट सांगते. मनुका, चॉकलेट, चहाही नको. तुमचं घर शाकाहारी असेल तर डब्यातलं तयार खाणं हाच रस्ता. त्याला वेगळी ताटली, वेगळा चमचा ठेवा, पण मांजराला आपल्याबरोबर शाकाहारी करू नका.

ओट्यावर चढण्याचं म्हणाल तर मांजर दोन कारणांनी चढतं, भूक लागलेली असते किंवा वर काय चाललंय ते बघायचं असतं. दोन्हींची सोय आधीच करून टाका. मी फोडणीला तेल ठेवायच्या आधी तिला जेवायला घालते. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी ओट्याच्या उंचीचं एक लाकडी स्टूल ठेवलंय. तिथून तिला मीही दिसते आणि बाहेरचे कावळेही. पोळ्या लाटून होईपर्यंत ती तिथे बसते. स्टूलवर चढली की शाबासकी आणि माशाचा एक कण, ओट्यावर चढली की न बोलता उचलून स्टूलवर. मारायचं नाही, ओरडायचं नाही, ते त्याला ओट्याशी जोडताच येत नाही, तुमच्याशी जोडतं. उतरवलेला तवा मात्र मागच्या शेगडीवर ठेवा, शेगडी बंद केल्यावरही जाळी बराच वेळ तापलेली असते. दही-लोण्यासाठी मी सासूबाईंचं जुनं शिंकं पुन्हा आढ्याला टांगलंय.

सासूबाईंच्या किळसेवर वाद घालू नका. त्यांचं म्हणणं खरं आहे, केस गळतात. पावसाळा सुरू व्हायच्या आधी तर फारच. रोज पाच मिनिटं बारीक दातांच्या फणीने विंचरलं की निम्मे केस फणीतच येतात. गादीवरचे, गोधडीवरचे केस काढायला भांडी घासायचा रबरी हातमोजा जरासा ओला करून एका दिशेने फिरवा, केसांची वळी होऊन हातात येते. त्यांचा पलंग आणि देवघर या दोन जागा मांजराला बंद, हे पहिल्या दिवसापासून पाळा. पापड-कुरडया वाळत घालताना वर जुनी मच्छरदाणी ताणून बांधायची. ती कावळ्यांसाठीही लागतेच. आमच्या सासूबाई पहिलं वर्षभर ठमीला "तुझी मांजर" म्हणायच्या. गुडघ्याच्या दुखण्यात त्या पडून होत्या तेव्हा ती पायथ्याशी जाऊन बसायला लागली, आणि पलंगाचा नियम त्यांनीच मोडला. तुमच्याकडे तसं होईलच असं नाही. नियम आपण आपल्याकडून पाळावा.

नखं परजायला जागा दिली नाही तर मांजर ती सोफ्यावर परजेल. इथे काथ्या मुबलक. मोडक्या टेबलाचा तीन फुटी पाय पाटावर खिळ्यांनी घट्ट उभा केला आणि त्याला काथ्याची दोरी खालपासून वरपर्यंत चापून गुंडाळली. टोकं पक्की खिळली, एकही लोंबतं ठेवलं नाही. मांजर परजताना अख्खं अंग ताणतं, म्हणून उंची हवी आणि हलणारा नको. नाहीतर ते एकदा हात लावून कायमचं पाठ फिरवेल. झोपायला आंब्याची रिकामी पेटी पुरते, खिळे तेवढे तपासून घ्या. एप्रिल-मेमध्ये आमच्या मागच्या खोलीत हापूसची अढी असते. पिकणाऱ्या आंब्यांनी गवत आतून उबदार होतं, आणि ठमी त्या दिवसांत दुसरीकडे कुठे झोपतच नाही.

शीसाठी पसरट घमेल्यात वाळू ठेवा, जेवणाच्या जागेपासून लांब, आणि रोज काढा. घरात कोणी गरोदर असेल तर ते काम तिने करू नये. घमेलं साबण आणि गरम पाण्याने धुवा, फिनेल नको. फिनेलमधलं विष मांजराचं यकृत नीट निपटू शकत नाही, आणि पायाला लागलेलं ते चाटून पोटात घेतं. ताप आला म्हणून माणसांची गोळी तर कधीच देऊ नका, पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. जंतांचं औषध, पहिली लस, मग तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची, आणि पाच-सहा महिन्यांत नसबंदी. भाटी, म्हणजे मादी, असेल तर नसबंदी पुढे ढकलू नका, त्या वयात ती गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत घरात चार पिल्लं असतात. पिल्लू दारात आलेलं आहे, लस झालेली नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, एवढीशी जखम म्हणून सोडू नका.

आणि आज रात्रीसाठी एक करा. तुम्ही दिवसभर नेसलेली सुती साडी असेल, जुनी, ती न धुता चौपदरी घडी करून पेटीत घाला. धुतलेली नको, तुमचा वास हवा. पेटी भिंतीला टेकवून, जिथून त्याला तुम्ही बसता ती जागा दिसेल अशी ठेवा आणि शेजारी पाणी. रात्री ते रडेल, दर वेळी उठून जाऊ नका. एकदा जा, पेटीत हात ठेवून थोडा वेळ बसा. पहाटे बघा, ते साडीच्या घडीत शिरून झोपलेलं असेल. पुढे त्याची चौघडी शिवाल तेव्हा तीच साडी वरच्या पदराला लावा.