वकीलताईंना विचारा : सांगलीचा बंदूक परवाना कागवाडला चालतो का?

प्रश्न (म्हैसाळ, ता. मिरज) : वडिलांच्या वेळची बारा बोअरची बंदूक आहे, परवाना आता माझ्या नावावर आहे. घर म्हैसाळला, पण द्राक्षबाग हद्दीपलीकडं कर्नाटकात, कागवाडच्या शिवारात. माल तयार झाला की रात्री राखणीला जावं लागतं, तेव्हा बंदूक सोबत घेतो. पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. तो म्हणतो, तिकडं एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालतो, मग तुमचा का चालू नये? नाक्यावर अडवलं तर काय सांगायचं?

उत्तर : काका, सांगण्यानं काही होत नाही, परवान्यावर काय लिहिलंय तेवढंच चालतं. कपाटातून तो आधी बाहेर काढा. परवान्याची अशी जुनी पुस्तकं माझ्या टेबलावर नेहमी येतात. कोपरे झिजलेले, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, मागच्या पानांवर नूतनीकरणाचे जांभळे शिक्के एकावर एक. मालक मला शिक्के दाखवतो, मुदत दाखवतो. मी मात्र क्षेत्राचा रकाना शोधते. तिथं ‘सांगली जिल्हा’ असेल तर कऱ्हाडलासुद्धा बंदूक नेता येत नाही. ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर म्हैसाळची शीव ओलांडली की तुमचा परवाना संपला. ‘संपूर्ण भारत’ असेल तरच कागवाडला अडचण नाही.

पुतण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. अमेरिकेत कपड्याखाली झाकून पिस्तूल बाळगण्याचा परवाना प्रत्येक राज्य आपल्या कायद्यानं देतं, आणि बाहेरच्या कोणत्या राज्याचा परवाना मानायचा हेही तेच राज्य ठरवतं. सामान्य नागरिकाला देशभर चालेल असा परवाना तिथं नाही. टेक्सासनं १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला पिस्तूल बाळगण्यासाठी परवान्याची गरजच ठेवली नाही. तरीही लोक तो काढतात, कारण शेजारच्या राज्यांत गेल्यावर तो उपयोगी पडतो. पण तोच टेक्सासचा परवाना कॅलिफोर्निया किंवा इलिनॉय मानत नाही. म्हणजे तिथंही हद्द ओलांडण्याआधी पुढच्या राज्याचा कायदा वाचावाच लागतो.

आणि पुतण्याला एक गोष्ट आजच फोन करून विचारा, तो कोणत्या व्हिसावर आहे? एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायलाच बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी लागू नाही. आपली मुलं मित्राबरोबर हौसेनं दुकानात जातात आणि नोकरी, व्हिसा सगळंच पणाला लावून बसतात. मला याची खरोखर काळजी वाटते.

आपल्याकडं कायदा एकच, १९५९ चा शस्त्र कायदा, आणि २०१६ चे नियम. सगळ्या देशाला तोच लागू. त्यामुळं महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी एकमेकांचे परवाने मानण्याचा करार करायचा प्रश्नच येत नाही. क्षेत्र वाढवून घ्यायचं तर अर्ज सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातच द्या. कागवाडच्या जमिनीचा उतारा, म्हणजे तिकडची पहाणी, जोडा. राखणीचं कारण साध्या शब्दांत लिहा. ‘जीवाला धोका’ असं उगाच लिहू नका. पोलिसांचा अहवाल त्याच मुद्द्यावर मागवला जातो आणि धोका दिसला नाही की अर्ज तिथंच अडकतो. वाढीव क्षेत्राची नोंद हातात पडेपर्यंत बंदूक म्हैसाळच्या घरातच ठेवा. परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परवाना रद्द होण्याची टांगती तलवार असते ती वेगळीच.

नेण्याची रीतही सांगते, कारण खांद्याला उघडी बंदूक लटकवून मोटारसायकलवरून जाणारी माणसं मी पाहिली आहेत. २०१६ च्या नियमांप्रमाणं सार्वजनिक जागी बंदूक तिच्या पिशवीत, पिस्तूल होल्स्टरमध्ये, आणि दोन्ही पूर्ण झाकलेली हवीत. शिवाय ती तुमच्या ताब्यात हवी. ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवून चहाला जाणं म्हणजे ताबा नव्हे.

प्रश्न (अपशिंगे, ता. सातारा) : मालक फौजेतून निवृत्त झाले होते. पावसाळ्यात वारले. त्यांची बंदूक ट्रंकेत कुलपात आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो दिवाळीला आलो की बघू. पोलीस पाटील म्हणतात लगेच जमा करा. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, पोलीस पाटलांचं ऐका. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. मालक गेले त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवायचा अधिकार कुणालाच उरलेला नाही. तुम्ही काही गुन्हा करायला निघाला नाहीत हे मला कळतं, पण विनापरवाना बंदूक जवळ ठेवण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची आहे. कुलूप ट्रंकेला आहे, हा त्यावर बचाव नाही.

पोलीस पाटलांना किंवा घरातल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या, आधी ठाण्यात फोन करा, मग बंदूक, काडतुसं आणि मूळ परवाना घेऊन जा. बंदूक रिकामी आहे याची खात्री माहीतगाराकडूनच करून घ्या. पावतीवर बंदुकीचा नंबर, बोअर आणि काडतुसांची संख्या नीट लिहून घ्या. नुसतं ‘एक बंदूक जमा’ असं लिहिलेली पावती घेऊन घरी येऊ नका, पुढं सोडवताना फार त्रास होतो.

जमा केली म्हणजे गेली, असं मनात आणू नका. वारसाला परवाना देण्याची तरतूद नियमांत आहे. पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण, कुणीही अर्ज करू शकतं. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडावी लागते. मुलगा पुणे शहरात राहत असेल तर त्याचा अर्ज तिथल्या पोलीस आयुक्तांकडं जाईल. तुम्ही स्वतः अर्ज केलात तर साताऱ्यात, जिल्हाधिकाऱ्यांकडं. बाईनं कशाला, असं कुणी म्हणालं तर लक्ष देऊ नका, कायद्यात तसं काही नाही.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठीही एक सोय आहे. परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या पसंतीच्या वारसाकडं ती देण्यासाठी अर्ज करू शकतो. हे हयातीत झालं तर भावाभावांत पुढं वाद होत नाहीत.

प्रश्न (पाटण तालुका) : भाताला रानडुकरं, वरून गवे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळते असं ऐकलं. मिळाली तर डुक्कर मारता येतं का?

उत्तर : बंदुकीचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद शस्त्र कायद्यात आहे. पण तुमचं गाव कोयना अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. ज्यांच्याकडं आधीच परवाना आहे त्यांनाही वन खात्याकडं नोंदणी करावी लागते. डुकरासाठी वन अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, त्याच्यावर बंदूक रोखायचा विचारही करू नका. नुकसान झालं त्याच दिवशी बांधावर उभं राहून फोटो काढा, वनरक्षकाला कळवा आणि भरपाईसाठी पंचनामा करून घ्या. अर्जाची पोच मात्र मागून घ्या.